पणजोबांची जहाजावरची नोकरी शोधताना

भाऊ, आधी गावातच शोध. मुंबई-लंडन नंतर. तुझे पणजोबा व्यापारी जहाजावर खलाशी होते की रॉयल इंडियन नेव्हीत, एवढं पक्कं झालं की अर्धं काम झालं समज. दोन्हींचे कागद अगदी वेगळ्या ठिकाणी असतात. घरातल्या जुन्या पेटीत खलाशाचं डिस्चार्जचं पुस्तक (जहाजांवरच्या नोकरीची नोंदवही) सापडलं, तर जहाजाच्या नावापेक्षा त्यापुढचा ऑफिशियल नंबर जपून लिहून घे. एका नावाची चार जहाजं असत, नंबर मात्र एकाचाच. १८६३ ते १९३८ च्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्यांचा मोठा भाग कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे, आणि तिथे हाच नंबर विचारतात.

जन्मसाल तहसीलमधल्या कोतवाल बुकातून (गावाच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतून) काढ, शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरही पाहा. मोडी वाचणारा एखादा म्हातारा गाठशील तर बरं.

आता खरी गोम. इंग्रजांनी आपली गावं कानाला येईल तशी लिहिली. यवतमाळचं ‘येवतमाल’, अचलपूरचं ‘एलिचपूर’, अमरावतीचं ‘उमरावती’. प्रांत शोधशील तर ‘सी. पी. अँड बेरार’ (म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड) टाक; ‘महाराष्ट्र’ टाकून बसलास तर काहीच हाती लागायचं नाही. आडनावंही बहुतेकदा गळालेली, नुसतं नाव आणि बापाचं नाव. मी एका रामाच्या मागे दोन पावसाळे घालवले, तो निघाला भलताच राम!

युद्धात समुद्रावर मरण पावले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज या युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या यादीत फुकट पाहता येतं.