फुलांच्या साहित्याचा खराब माल आणि बिलावरची ती ओळ

प्रश्न : मी साताऱ्यात घरीच पुष्पगुच्छ तयार करून विकते. पुण्यातील एका घाऊक दुकानातून फोनवरून फ्लोरल फोमच्या (पाण्यात भिजवून फुलांचे देठ खोचायच्या हलक्या फोमच्या) विटा आणि सॅटिनची रिबन मागवली. निम्म्या विटांचा चुरा झालेला होता आणि मरून रंगाऐवजी गुलाबी रिबन आली. दुकानदार बिलावरील ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दाखवतो. शिवाय, धंद्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक कायदा लागू होत नाही, असेही सांगतो. मी काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदाराचे दुसरे म्हणणे अर्धेच खरे आहे आणि घरातून व्यवसाय उभा करणाऱ्या स्त्रियांना ते सर्रास ऐकवले जाते, याचा मला संताप येतो. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार पुनर्विक्रीसाठी किंवा व्यापारी हेतूने माल घेणारी व्यक्ती ग्राहक ठरत नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, असा खुलासा त्याच व्याख्येत दिलेला आहे. तुम्ही रिबनचे रीळ जसेच्या तसे विकत असाल, तर ती पुनर्विक्री होईल. परंतु स्वतःच्या हातांनी गुच्छ बांधून त्यावर घर चालवत असाल, तर या खुलाशाचा आधार तुम्हाला ठामपणे घेता येईल. पगारी माणसे ठेवून मोठे दुकान चालवणाऱ्याची बाजू मात्र येथे दुबळी पडते.

बिलावरील ओळीने दुकानदाराची सुटका होत नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. (निव्वळ रंग मनास न येणे हा दोष नव्हे; तुमच्याकडे मागणीपेक्षा वेगळाच रंग आला आहे.)

फोम मुळातच ठिसूळ असल्याने ‘तुम्हीच तो दाबला’ असे उत्तर येण्याची शक्यता आहे. त्यामुळे खोके, पॅकिंग आणि चुरा यांची छायाचित्रे जपून ठेवा, उरलेल्या विटा भिजवू नका आणि फोनवर दिलेली मागणी तारखेसह लेखी कळवून त्याच पत्रात परतावा मागा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतरही प्रश्न न सुटल्यास दोन वर्षांच्या आत साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते; त्यासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही नाही.