लग्न दीड महिन्यावर आलंय आणि आमच्या कुत्र्याला किडनीचा आजार निघालाय. लग्न पुढे ढकलावं का?

पुढे ढकलू नका, असंच मी सांगेन. पण त्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारून घ्या. तुम्ही लिहिलंय की तो अकरा वर्षांचा आहे, रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं आलं, लग्न मे महिन्यात सोलापुरातच आहे, त्यानंतर तुम्ही पुण्याला जाणार, आणि घरचे म्हणतात, "आता लग्नाकडे बघ, कुत्र्याचं नंतर बघू."

विचारायचं ते एवढंच: हे अचानक झालंय की जुनं आहे? लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप), गोचीड ताप किंवा काही विषारी पोटात जाऊन किडनीला इजा झाली असेल, तर पुढचे दहा-पंधरा दिवस सगळं बाजूला ठेवून त्याच्यामागे लागा. वेळेत उपचार झाले तर अशी किडनी पुष्कळदा सावरते. जुना आजार असेल तर मात्र तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो. किडनीचं सुमारे पाऊण काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन वाढलेलं दिसतच नाही. त्यामुळे "खरेदीच्या नादात माझं त्याच्याकडे दुर्लक्ष झालं" हे जे तुम्ही लिहिलंय, ते मनातून काढून टाका. हे आत बऱ्याच आधीपासून चाललेलं असणार. पाणी देऊन तब्येत स्थिर झाल्यावरचा क्रिएटिनिनचा आकडा बघा. २.८ पर्यंत असेल तर आजाराची साधारण दुसरी पायरी, ५ पर्यंत तिसरी, त्यापुढे चौथी. दुसऱ्या पायरीवरची कुत्री नीट सांभाळली तर बऱ्याचदा वर्षभर आणि त्याहून जास्तही चांगली जगतात. मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर नेला तरी तेव्हा तो कसा असेल हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा आमची चिंगी याच आजाराने अंथरुणाला लागल्यासारखी झाली होती. साधी गावठी कुत्री, जुळे सोलापुरात आमच्या गल्लीतच जन्मलेली. माझ्या मनात सारखं यायचं की लग्नापर्यंत तिचं कसं करू. पण खरा प्रश्न लग्नानंतरचा होता. मी जाणार, ती इथंच राहणार, आणि औषध तर ती फक्त माझ्याच हातून घ्यायची. म्हणून माझ्या यादीत शालू, रुखवत, पत्रिका यांच्या वर एक काम आलं, तिची सगळी शुश्रूषा दादाच्या हातात देणं. तुम्हीही आजपासून तेच करा. भाऊ, आई, वडील, जो कोणी घरी राहणार आहे त्याने औषध द्यायचं आणि तुम्ही शेजारी बसायचं. मग हळूहळू दुसऱ्या खोलीत जायचं. हळदीच्या दिवशी तुमच्या हाताला मेंदी असेल आणि चार बायका तुम्हाला धरून बसलेल्या असतील. त्या दिवशी पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातून गोळी घ्यायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.

डॉक्टरांनी कातडीखालून सलाईन द्यायला सांगितलं असेल तर ते त्यांच्यासमोर बसून शिका, आणि दोघांनी शिका. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलून सुई घालायची आणि बाटली उंच टांगायची. पाणी किती सोडायचं ते डॉक्टर त्याच्या वजनावरून सांगतील. तिथं उंटाच्या मदारीसारखा फुगवटा येतो. घाबरू नका, काही तासांत तो जिरतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवली तर तो कमी कुरकुरतो. दादाचा हात पहिल्यांदा थरथरला होता, पण अक्षतांच्या दिवशी सकाळी त्याने एकट्याने ते केलं, आणि मी निवांत मनाने बोहल्यावर उभी राहिले.

सोलापूरचा मे तुम्हाला माहीत आहेच, पारा ४३ च्या आसपास. अशा कुत्र्याला लघवी जास्त होते, त्यामुळे तहानही जास्त लागते. फरशीवर डाग पडतात म्हणून त्याचं पाणी कुणी तोडू नये, हे घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्याच्या पाण्याची कळशी वेगळी भरून ठेवा.

लग्नघरातला सगळ्यात मोठा धोका म्हणजे प्रेमाने भरवणारी माणसं. मनुके आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत, आणि रुखवतातल्या लाडवांत, शिऱ्यात मनुके हमखास असतात. कांदाही वाईट. आणि माणसांची ब्रुफेन, डायक्लोफिनॅक अशी दुखण्यावरची गोळी "अर्धीच देते गं" म्हणून एखादी मावशी देईल, तिला आधीच सांगून ठेवा. हळद आणि वरातीच्या दिवशी त्याला बँड-फटाक्यांपासून दूर, एखाद्या शेजाऱ्यांकडे किंवा मागच्या खोलीत ठेवा. दार सताड उघडं असतं आणि घाबरलेलं जनावर बाहेर पळतं.

तयारीतलं काय सोडता येईल? केळवणं. पंधरा घरी जेवायला जाण्याऐवजी दोन-तीन आत्या-मामींना सांगा की तुम्हीच आमच्याकडे या. चाटी गल्ली, नवी पेठेतली कपड्यांची खरेदी सकाळी दुकानं उघडताच उरकून घ्या, उन्हातही अडकणार नाही आणि दुपारच्या औषधाला घरी असाल. मधल्या मारुतीकडचं पूजेचं सामान कुणीही आणू शकतं. त्याला तुमची गरज नाही.

घरचे बोलतात त्याचा राग धरू नका. आमचे आप्पाही तसंच बोलायचे आणि रात्री चिंगीजवळ खुर्ची टाकून बसायचे. मुलीचं लग्न आणि घरातलं आजारपण एकदम आलं की मोठ्यांना कशावर तरी चिडावंसं वाटतं.

होणाऱ्या नवऱ्याला मात्र सगळं आत्ताच सांगा, आकड्यांसकट. लग्नानंतर पहिल्या महिन्यात सोलापूरहून फोन आला तर तुम्ही मिळेल त्या गाडीने निघणार, हे त्याला आणि सासूबाईंना आधी माहीत हवं. आणि भावाशी एक अवघड बोलणंही आधीच करून ठेवा. कुत्र्याने खाणं पूर्ण सोडलं, उलट्या थांबेनात, उठवेना, आणि डॉक्टर म्हणाले की आता त्याला शांतपणे जाऊ द्या, तर निर्णय कोण घेणार? तुमची वाट बघायची की नाही? आम्ही ठरवलं होतं की तिला त्रास होत असेल तर माझ्यासाठी थांबायचं नाही. पावसाळ्यात ती वेळ आली. दादाने फोन केला, मी "हो" म्हणाले, आणि तो शेवटपर्यंत तिच्याजवळ होता. ते आधी बोललेलं नसतं तर तिचे आणखी दोन दिवस हाल झाले असते. तुमच्या घरी हे बोलणं पत्रिका वाटायला बाहेर पडण्याआधी होऊ द्या, नंतर कुणाला बसून बोलायला वेळ मिळत नाही.