अपघातग्रस्त इलेक्ट्रिक गाडी उचलावी कशी, ठेवावी कुठे?

प्रश्न : महामार्गालगत माझा क्रेन आणि टोइंगचा व्यवसाय आहे. अपघातातील गाड्या आजवर आम्ही पुढची चाके उचलून ओढत आणत आलो. अलीकडे त्यांत इलेक्ट्रिक आणि हायब्रिड (इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या) गाड्याही असतात. विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत त्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या तर चालेल का? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शेडमध्ये मुळीच ठेवू नका, आणि ती शेड घराला लागून आहे म्हणून तर अजिबातच नको. गाडी बंद पडली म्हणजे तिची बॅटरी रिकामी झाली, असे होत नाही. बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची वायर काढली की मोठ्या बॅटरीचा गाडीशी असलेला जोड सहसा तुटतो. पण तिच्या आत साठलेली वीज तिथेच राहते आणि धक्क्याने एखादा सेल आतून दुखावला असेल, तर तो तासांनी, दिवसांनी, कधी आठवड्यांनीही पेट घेऊ शकतो. अमेरिकेत 2011 साली धडक-चाचणी झालेली शेव्हरोले व्होल्ट ही प्लग-इन (बाहेरून चार्ज होणारी) हायब्रिड गाडी आवारात उभी असताना तब्बल तीन आठवड्यांनी पेटली. बॅटरीजवळ गळलेले कूलंट (बॅटरी थंड ठेवणारा द्रव) हे त्याचे कारण निघाले.

म्हणून अशी गाडी उघड्यावर उभी करावी. अमेरिकेत सर्वसाधारण शिफारस चहूबाजूंनी 50 फूट, म्हणजे सुमारे 15 मीटर जागा मोकळी सोडण्याची आहे. त्या पट्ट्यात दुसरी गाडी, टायरचा ढीग, सुके गवत, डिझेलचा पिंप काहीही नको. एवढी जागा आपल्याकडे अनेकांजवळ नसते, हे मी जाणतो. पण जागा नसेल तर गाडी स्वीकारू नये, असेच माझे मत आहे. पुराच्या, विशेषतः खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीलाही हाच नियम लावावा.

आता उचलण्याविषयी. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत चाक आणि मोटर यांच्यामध्ये क्लच नसतो. चाक फिरले की मोटर फिरते आणि वीज तयार होऊ लागते. त्यामुळे मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास इन्व्हर्टर (बॅटरी आणि मोटर यांच्यामधला वीज बदलणारा भाग) जळू शकतो, आगही लागू शकते. चारही चाके वर राहतील अशा फ्लॅटबेडवरच गाडी न्यावी. विंचचा (गाडी वर ओढून घेणाऱ्या यंत्राचा) हूक बंपरमागच्या टो-हूकलाच लावावा, कारण गाडीच्या तळाशी सपाट पसरलेला बॅटरीचा डबा साखळीने दाबला गेला, तर अपघाताने न झालेले नुकसान आपल्या हातून होईल. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना कोणीही हात लावू नये. त्यांत 300 ते 400 व्होल्टचा दाब असू शकतो.

हायब्रिडच्या बाबतीत मात्र डोळ्यांची फसगत होते. हिरवी नंबरप्लेट पूर्ण इलेक्ट्रिक गाडीलाच मिळते, हायब्रिडला नेहमीचीच पाटी असते. तेव्हा मागच्या दारावरचे नाव वाचा, मालकाला विचारा आणि शंका राहिली तर इलेक्ट्रिक समजूनच वागा.

उचलताना किंवा नंतर फुसफुस, तडतड असा आवाज, गोडसर उग्र वास किंवा तळातून पांढरट धूर जाणवला, तर वारा जिकडून येतो त्या बाजूला दूर व्हा, 112 ला कळवा आणि गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. गाडी पुढे सर्व्हिस सेंटरकडे सोपवतानाही अपघाताची तारीख आणि बॅटरीला मार लागल्याची शक्यता कागदावर लिहून द्या.