वायसर घालून टकटक थांबेल का?

प्रश्न : काका, नमस्कार. माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, २०१३ सालची, ६८ हजार किलोमीटर चाललेली. गेल्या पावसाळ्यापासून इंजिन तापलं की हेडकडून टकटक ऐकू येते. सकाळी गाडी शांत असते. कराडहून निघून पाटणला चहाला थांबलो की आयडलिंगला टकटक सुरू होते, आणि जरा रेस दिली की जाते. आमचे मिस्त्री म्हणतात, लिफ्टरला ऑइल कमी पडतंय, रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे दोन वायसर घालू, प्रेशर वाढेल, आवाज बंद होईल. काम तासाभराचं आहे, खर्चही फार नाही. करून घेऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नका करू. तुमच्या मिस्त्रींनी दुखणं बरोबर ओळखलंय. लिफ्टरला, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीखालच्या छोट्या डबीला, ऑइल कमी पडतंय हे मलाही पटतं. पण औषध चुकीचं आहे, आणि ते मी स्वतः देऊन पाहिलंय.

२०१४ साली राधानगरी भागातला एक दूधवाला त्याची क्लासिक घेऊन उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजात आला. तक्रार हुबेहूब तुमच्यासारखी. मीही स्प्रिंगमागे दोन वायसर सरकवले आणि गाडी दिली. चार दिवसांनी तो परत आला. तापलेल्या इंजिनाची टकटक जशीच्या तशी होती. वर नवीन दुखणं म्हणजे पहाटे थंडीत गाडी स्टार्ट केली की फिल्टरच्या झाकणातून ऑइल पाझरायचं. म्हणजे जिथे प्रेशर हवं होतं तिथे ते वाढलंच नव्हतं, आणि जिथे नको होतं तिथे वाढलं होतं. असं का झालं ते समजायला मला त्या रात्री गॅरेजात बसून नीट विचार करावा लागला. तो विचार तुम्हाला सांगतो.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीला वर ओव्हरफ्लोचा पाइप असतो. जादा झालेलं ऑइलचं प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे तो पाइप. पाणी तिथपर्यंत चढलं तरच तो वाहतो. आता मोटर थकलेली आहे, फूटव्हॉल्व्हला गाळ बसलाय, टाकी अर्धीच भरते. अशा वेळी ओव्हरफ्लोचा पाइप वीतभर उंच केला तर नळाला पाणी जोरात येईल का? तापलेलं इंजिन आयडलिंगला असतं तेव्हा ऑइल पातळ झालेलं असतं आणि पंप अगदी हळू फिरत असतो. प्रेशर त्या वेळी सगळ्यात कमी असतं. रिलीफ व्हॉल्व्ह तेव्हा बंदच असतो. बंद असलेली गोष्ट आणखी घट्ट बंद करून काही मिळत नाही. तो उघडतो थंड इंजिनात, ऑइल घट्ट असताना, किंवा वरच्या रेसला. तिथेच त्याला वायसर लावून अडवला की ताण जातो पंपावर, फिल्टरच्या ओ-रिंगवर आणि पॅकिंगवर. त्या दूधवाल्याच्या गाडीत तेच झालं.

आता लिफ्टरविषयी. २००९ च्या सुमाराला एनफिल्डचं नवं इंजिन आलं, ज्याला आपण यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) म्हणतो. त्यात पुशरॉडच्या, म्हणजे हेडमधला व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीच्या, खाली हायड्रॉलिक लिफ्टर आले आणि टॅपिट सेट करायची भानगड संपली. लिफ्टर म्हणजे एक छोटी डबी, तिच्यात वरखाली होणारा प्लंजर, खाली बारीक स्प्रिंग आणि एक गोळीचा व्हॉल्व्ह. हेडमधला व्हॉल्व्ह बंद असताना, म्हणजे पुशरॉडवर जोर नसताना, ती बारीक स्प्रिंग प्लंजरला वर ढकलून सगळी फट भरून काढते आणि पंपाचं ऑइल गोळीवरून आत शिरतं. कॅम वर आला की गोळी वाट बंद करते. आत अडकलेलं ऑइल दाबलं जात नाही, म्हणून डबी भरीव लोखंडासारखी वागते आणि पुशरॉड उचलते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पुशरॉडला उचलून धरतं ते पंपाचं प्रेशर नव्हे. कॅम चढताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा भार त्या चिमूटभर ऑइलवर येतो आणि डबीतलं प्रेशर पंपाच्या कितीतरी पट होतं. पंपाचं काम फक्त डबी भरलेली ठेवायचं. तेव्हा गोळी नीट बसत नसेल किंवा प्लंजर झिजून ऑइल निसटत असेल, तर पंपाचं प्रेशर दुप्पट केलं तरी टकटक थांबणार नाही. आणि डबीत ऑइलऐवजी फेस शिरत असेल तरी थांबणार नाही. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा शिरली की लिव्हर कसा मऊ लागतो, तसंच लिफ्टरचं होतं.

हा घोळ आपल्याकडेच झाला असं नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९४८ साली पॅनहेड इंजिन काढलं आणि त्यात हायड्रॉलिक लिफ्टर दिले, पण पुशरॉडच्या वरच्या टोकाला. इतक्या वर ऑइल धड पोचेना, लिफ्टर वाजायचे. १९५३ साली त्यांनी लिफ्टर पुशरॉडच्या खालच्या टोकाला आणले, ऑइलच्या जवळ. डबीपर्यंत चांगलं ऑइल पोचेल अशी वाट त्यांनी करून दिली. आपल्यालाही तेच करायचंय.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ म्हणजे रेस दिली की आवाज जातो ही. लिफ्टर पार गेलेला असता तर रेसबरोबर टकटकही वाढली असती. सायलेन्सरच्या बेंड पाइपच्या तोंडाशी, हेडजवळ, गॅस लीक असता तर आवाज बहुतेक थंड इंजिनात जास्त आला असता आणि जॉइंटवर काळी काजळी दिसली असती. ती काजळी एकदा बघून घ्या, कारण लीकचा आवाज लिफ्टरसारखाच लागतो आणि चांगले मिस्त्रीही त्याला फसतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हेडच्या झाकणावर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली की आवाज नक्की कुठून येतो ते कळतं. सायलेन्सर तापलेला असतो, बाही सांभाळा.

मग ऑइल. गाडी दोन-चार किलोमीटर चालवून आणा, सपाट जागी मेन स्टँडवर लावा, काही मिनिटं थांबा आणि उजव्या बाजूच्या काचेतून लेव्हल बघा. कमी असेल तर पंप हवा ओढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त ऑइलनेही तेच होतं, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वरच्या खुणेच्या वर ऑइल गेलं की क्रँक ते घुसळते, ताकासारखा फेस होतो आणि तो फेस लिफ्टरमध्ये जातो. पाव लिटर जादा घातलेलं बरं असतं, ही समजूत डोक्यातून काढून टाका. शेवटचं ऑइल कोणतं घातलं तेही आठवा. या इंजिनाला कंपनी १५डब्ल्यू-५० सांगते. तेच घाला, आणि कॅनवर जासो एमए लिहिलेलं असू द्या, कारण क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. आवाज बंद करायला म्हणून कारचं ऑइल किंवा बाटलीतलं एखादं घट्ट ॲडिटिव्ह घातलंत तर क्लच घसरायला लागू शकतो.

यानंतर मिस्त्रींना ऑइलचा फिल्टर आणि जाळी दोन्ही काढायला लावा. नुसता फिल्टर नको. दूधवाल्याच्या गाडीचं मूळ मला जाळीतच सापडलं. माझ्या आधी कुणीतरी केस जोडताना सिलिकॉन सढळ हाताने लावलं होतं. बाहेर आलेलं पुसून घेतलं होतं, आतलं तसंच राहिलं. ते सुटून जाळीवर करंगळीच्या नखाएवढे चार तुकडे चिकटले होते. तुकडे काढले, जाळी रॉकेलने धुतली, वायसर फेकून दिले, फिल्टर आणि ऑइल नवं घातलं. पंचवीस-तीस किलोमीटर चालवल्यावर टकटक गेली. मी घेतलेले पैसे त्याला परत केले, कारण पहिल्याच दिवशी मी जाळी उघडायला हवी होती. फिल्टर बदलताना जुनी ओ-रिंग आतच राहिली किंवा नवी चिमटली गेली, तरी ऑइल वाट चुकतं. तेही बघायला सांगा.

एवढं करूनही आवाज राहिला तर अंदाजाने पुढचं काही उघडू नका. ऑइलच्या लाइनला गेज लावणारं गॅरेज शोधा. कराडला नाही मिळालं तर कोल्हापूर किंवा साताऱ्यात मिळेल. तापलेल्या इंजिनाचं आयडलिंगचं प्रेशर मोजा आणि कंपनीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडा. कमी निघालं तर पंप उघडून झीज बघा. बरोबर निघालं तर लिफ्टर काढा. ऑइलने भरलेला लिफ्टर अंगठ्याने जोरात दाबला तरी दबत नाही. स्पंजासारखा दबला आणि पुन्हा भरूनही तसाच दबत राहिला, तर तो गेला. दोन्ही एकदम बदला. नवे लिफ्टर स्वच्छ ऑइलमध्ये बुडवून आतली हवा काढूनच बसवायचे. बसवल्यावर लगेच किक मारायची नाही, जादा ऑइल निसटून प्लंजर आपल्या जागी येईपर्यंत थांबायचं. घाईत या पायरीला बरेच जण चुकतात आणि नव्या लिफ्टरलाच दोष देतात.

एक दिलासा देतो. गाडी आठवडाभर उभी राहिल्यानंतर पहिले काही सेकंद टकटक झाली तर काळजी करू नका. डबीतलं ऑइल उतरलेलं असतं, ते भरलं की गाडी गप्प होते.

प्रश्न : माझी १९८८ ची बुलेट आहे, वडिलांच्या हातची. तिचे लिफ्टर वाजतात. वरचं उत्तर तिलाही लागू पडेल का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. तुमच्या जुन्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर नसतातच, साधे टॅपिट आणि सेट करता येणारे पुशरॉड असतात. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढा आणि पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा. उजव्या बाजूचं टॅपिटचं झाकण उघडा. पुशरॉड दोन बोटांनी सहज गरगर फिरला पाहिजे, पण वरखाली अजिबात हलता कामा नये. तिथे चेकनट आवळा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा फिरवून बघा, कारण आवळताना सेटिंग हलतं.