स्पार्क प्लगचं टोक तुटून सिलिंडरमध्ये पडलं असेल, तर इंजिन किती बिघडलंय हे घरी कसं ओळखायचं?

तुमची चार सिलिंडरची पेट्रोल गाडी मिसिंग मारू लागली. घरी प्लग काढले तर दोन नंबरच्या प्लगचं पोर्सेलिनचं टोक आणि बाजूचा वाकडा इलेक्ट्रोड, दोन्ही गायब. नवा प्लग लावून सुरू करून बघू का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. अजून सेल्फ मारला नसेल तर तुमच्या हातात बरंच काही आहे.

हे मी स्वतः भोगून सांगतोय. माझ्या जुन्या गाडीत असाच इलेक्ट्रोड तुटला होता. नवा प्लग लावला, सेल्फ मारला आणि कान देऊन उभा राहिलो. टकटक ऐकू येताच लगेच बंद केली, तरी तेवढ्यात तुकडा एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली (जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेखाली) अडकून व्हॉल्व्ह वाकला होता. आयडलला इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर पिस्टन 800 वेळा वर येतो, आणि बऱ्याच इंजिनांत काठाशी पिस्टन आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) यांच्यात जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. पोर्सेलिन म्हणजे इथे अॅल्युमिना, पिस्टनच्या अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण.

आता तो तुटलेला प्लग नीट बघा. त्याच मॉडेलचा चांगला प्लग शेजारी ठेवा, म्हणजे किती माल गायब आहे ते कळेल. तुटलेल्या जागी काजळी बसली असेल तर तुकडा पडून बराच काळ गेलाय आणि तो कदाचित एक्झॉस्टमधून निघूनही गेलाय. जागा पांढरीशुभ्र असेल तर तो आत्ताच पडलाय, बहुधा अजून आतच आहे. बाकीचे तीन प्लगही भिंगाखाली धरा. त्यांच्या पोर्सेलिनवर बारीक चकाकते अॅल्युमिनियमचे कण दिसले तर ती वाईट खूण समजा: इंजिन नॉक करतंय (आतलं पेट्रोल स्फोटासारखं पेटतंय) आणि पिस्टनचा वरचा भाग झिजतोय किंवा वितळतोय. मग प्लग तुटणं हा मूळ आजार नाही, लक्षण आहे.

यानंतर मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा लागेल. 5.5 मिमी जाडीचा प्लगच्या भोकातून सहज जातो. आरसा जोडता येणारा घेतला तर व्हॉल्व्हही दिसतात. चारही प्लग बाहेर ठेवून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, चालतं त्याच दिशेने, सावकाश फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथेच थांबून कॅमेऱ्याने बघा. पिस्टनवरच्या काळ्या थरात चकाकते खड्डे दिसले तर तुकडा आत नाचलाय. उथळ, गोलसर खड्ड्यांनी इंजिन मरत नाही. उभी राहिलेली तीक्ष्ण धार मात्र तापून लाल होते आणि ठिणगीआधीच पेट्रोल पेटवते. पिस्टन खाली असताना सिलिंडरची भिंत बघा. तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा असायलाच हव्यात, त्या होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात भिंत घासताना मुद्दाम पाडलेल्या असतात. वरून खाली गेलेला उभा ओरखडा मात्र काळजीचा.

तुकडा दिसला तर पिस्टन बराचसा वर आणा, म्हणजे तो भोकाजवळ येईल. लवचिक तारेच्या टोकाला घट्ट ग्रीस लावून चिकटवून काढा, किंवा व्हॅक्यूम क्लीनरला बारीक नळी जोडून ओढून घ्या. व्हॅक्यूम लावण्याआधी प्लग काढून गाडी काही तास उघड्या हवेत ठेवा, कारण आत पेट्रोलची वाफ असते आणि व्हॅक्यूमच्या मोटारीत ठिणगी उडते. चुंबकावर विसंबू नका: पोर्सेलिन त्याला चिकटतच नाही आणि इलेक्ट्रोडचा निकेल मिश्रधातूही बऱ्याचदा चिकटत नाही.

आत काही नाही याची खात्री झाली की मगच कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून, सेल्फने इंजिन फिरवून दाब मोजणं. इंधन पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि बॅटरी भरलेली. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच दाब मिळू द्या. एरवी ही टेस्ट गरम इंजिनावर करतात, पण तुमचं थंडच राहू द्या. आकडे थोडे कमी येतील, म्हणून चौघांची आपसात तुलना करा. तीन सिलिंडर 160 पीएसआय (दाबाचं एकक) आणि दोन नंबरचा 150 असेल तर मी निर्धास्त होईन. सगळ्यांत जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांपेक्षा तो कमी असेल तर गळती आहे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगमध्ये किंवा भिंतीत, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (हेडखालच्या सीलमध्ये).

कॉम्प्रेसर मिळत असेल तर हेड उघडण्याचा निर्णय घेण्याआधी अजून एक गोष्ट जरूर करा. तो पिस्टन दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना अगदी वर आणा, पुलीवरचा पाना काढून घ्या (हवेच्या दाबाने इंजिन झटक्यात फिरू शकतं) आणि प्लगच्या भोकातून हवा सोडून कान लावा. सायलेन्सरमधून सूं आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आला तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून जास्त आला तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. रिंगमधून थोडी हवा चांगल्या इंजिनातही जाते, तिने घाबरू नका. व्हॉल्व्हमधून मात्र जायला नको. नुसता व्हॉल्व्ह वाकला असेल तर दुरुस्ती हेडपुरतीच राहते, ब्लॉकला (सिलिंडर असलेल्या खालच्या भागाला) हात लागत नाही, आणि गॅरेजवाल्याशी बोलताना हा फरक तुम्हाला माहीत असलेला बरा.

सगळं ठीक निघालं तर चारही प्लग कंपनीने सांगितलेल्या हीट रेंजचेच (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा क्रमांक) नवे घाला. आधी बोटांनी बसवा, मग टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याइतकंच कसा. पाना तिरका धरून कसल्यानेही पोर्सेलिनला न दिसणारी चीर जाते. पहिल्यांदा पाचच मिनिटं चालवा, बंद करा, थंड झाल्यावर दोन नंबरचा प्लग परत काढून बघा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तोही जातो.