फी भरण्याआधी दुधाचं बिल काढायला लावा

सांगोला तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झाली. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांचा ‘फुल स्टॅक’ (वेबसाइटची दिसणारी आणि मागची, दोन्ही बाजू बनवण्याचा) कोर्स आणि ‘100 टक्के जॉब गॅरंटी’ देतो म्हणतोय, फी 90 हजार. घरचं दूध संकलन केंद्र आहे, पैसे उभे करता येतील. ते विचारतात, ‘क्लास लावावा का? जावा घ्यावं की मर्न? आणि आता एआयच कोड लिहितं म्हणतात, मग हे शिकून उपयोग काय?’

नमस्कार.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की संकलनाचा हिशोब अजून वहीत आहे आणि दर दहा दिवसांनी बिलं काढताना रात्रीचा एक वाजतो. माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच. तिच्याकडे येतोच, आधी फीचं बघू.

‘जॉब गॅरंटी’ फलकावर वाचू नका, फॉर्मवर वाचा. मी पाहिलेल्या बहुतेक फॉर्मांत ‘मुलाखतीसाठी साहाय्य’ असं लिहिलेलं असतं, आणि तेही हजेरी, चाचण्या, मिळेल त्या गावी जाण्याची तयारी अशा अटींसकट. दुसरं, ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे पुष्कळदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, आणि ते विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या नावावर. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने शिकवणं पटेना म्हणून दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला. हप्ते मात्र शेवटपर्यंत भरले. फी क्लासलाच, टप्प्याटप्प्याने भरता येत असेल तर बोला, नाहीतर नमस्कार करून बाहेर पडा.

जावा की मर्न, हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. मर्न म्हणजे मोंगोडीबी, एक्स्प्रेस, रिअ‍ॅक्ट आणि नोड या चार साधनांची आद्याक्षरं. बँका आणि मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा भरपूर चालते, छोट्या कंपन्यांत जावास्क्रिप्ट या वेगळ्या भाषेचा हा संच. पण साधनं बदलत राहतात. गूगलने 2010 साली आणलेल्या अँग्युलर जेएसचा आधार 2021 च्या अखेरीस काढून घेतला. फक्त तेवढंच घोकलेल्यांना पुन्हा पहिलीत बसावं लागलं. उलट एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधली माहिती मागायची भाषा, 1970 च्या दशकातली, अजून रोज लागते. ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो आणि सर्व्हर उत्तर देतो, ही पद्धतही वेबच्या जन्मापासूनची. म्हणून मुलीला आधी साधं जावास्क्रिप्ट पक्कं करू द्या, मग एसक्यूएल, मग नोड (सर्व्हरची बाजू), आणि रिअ‍ॅक्ट (पडद्यावर दिसणारी बाजू) सगळ्यात शेवटी. बरेच क्लास उलटे चालतात, कारण रिअ‍ॅक्टचा पडदा पहिल्याच आठवड्यात छान दिसतो आणि पालक खूष होतात.

आता वही. मुलीला सांगा, आपल्या केंद्रासाठी वेब अ‍ॅप्लिकेशन बनव. उत्पादकाचं नाव, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दरपत्रकावरून दर आणि शेवटी पशुखाद्य व उचल वजा जाता दहा दिवसांचं बिल. ऐकायला आठ दिवसांचं काम वाटेल. तिला दोन-तीन महिने लागतील, आणि त्यात ती जे शिकेल ते क्लासमधल्या तयार प्रोजेक्टमध्ये नसतं.

कसं ते सांगतो. तिला ब्राउझर उघडून एफ12 दाबायला सांगा आणि कन्सोलमध्ये 0.1 + 0.2 टाकायला. उत्तर 0.3 येणार नाही, 0.30000000000000004 येईल. संगणक दशांश अपूर्णांक बायनरीत, म्हणजे 0 आणि 1 या दोनच अंकांत, ठेवतो, त्यात हा बारीक फरक पडतो. शेकडो नोंदींच्या बेरजेत कधीतरी पैशाचा फरक येईल आणि तुमचा एखादा चोख उत्पादक तो बरोब्बर पकडेल. मग तिला कळेल की रक्कम पूर्णांक पैशांत का साठवतात.

दुसरी गंमत पहाटेची. तुमचं संकलन पाचला सुरू होत असणार. जावास्क्रिप्टमधून तारीख काढण्याची एक सोपी रीत सगळे नवखे वापरतात, ती जागतिक वेळ देते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. म्हणजे पहाटे पाचचं दूध कालच्या तारखेला पडेल आणि साडेपाचनंतरचं आजच्या. ही चूक दुपारी बसून तपासणाऱ्याला कधीच सापडत नाही.

तिसरं, गावातलं नेट. ‘सेव्ह’ दाबलं, काही हललं नाही, म्हणून पुन्हा दाबलं, आणि 12 लिटरचे झाले 24. यावर उपाय बटणात नाही, डेटाबेसमध्ये आहे: एक उत्पादक, एक तारीख, एक वेळ आणि एक प्रकार यांची एकच नोंद होऊ द्यायची. प्रकार विसरली तर म्हैस आणि गाय दोन्ही घालणाऱ्याची दुसरी नोंद अडेल, आणि तो तुमच्याकडेच भांडायला येईल!

आणि उत्पादकांना मोबाइलवर बिल दाखवायचं ठरवलं, तर बिलाच्या पानाच्या पत्त्यात उत्पादकाचा क्रमांक असेल, समजा 17, तो खोडून 18 टाकून बघा. शेजाऱ्याचं बिल उघडलं तर काम अर्धवट आहे. लॉगिन केलं म्हणजे सगळं बघायची मुभा मिळाली असं नव्हे, हे कित्येक नोकरीतल्या प्रोग्रॅमरनाही सांगावं लागतं.

एआयबद्दल थोडक्यात. वरच्या अ‍ॅपचा कच्चा कोड एआय तासाभरात लिहून देईल, तिने जरूर घ्यावा. पण सकाळचं दूध कालच्या तारखेला का पडलं, हे वहीशी ताडून शोधायला माणूस लागतो. नुसता पडदा रंगवणाऱ्यांची कामं कमी होतील असं मला वाटतं. शोधणाऱ्यांची इतक्यात जाणार नाहीत.

शिकायला पैसे लागतीलच असंही नाही. हेलसिंकी विद्यापीठाचा ‘फुल स्टॅक ओपन’ आणि ‘द ओडिन प्रोजेक्ट’ हे दोन्ही अभ्यासक्रम फुकट आहेत, इंग्रजीत आहेत, आणि ते इंग्रजी वाचायची सवय तिला पुढे लागणारच. सुरुवातीला जड गेलं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधल्या बऱ्याच पाठांना मराठी आवाज आहे. घरी एकटीने बसून होत नाही, शिस्त लागते, सोबत लागते, हेही खरं. त्यासाठी क्लास लावायला माझी ना नाही. फक्त आधी एक दिवस मागच्या बाकावर बसून यायला सांगा. मुलं सरांच्या पडद्यावरचं बघून टाइप करत असतील तर नको. कोणाचा तरी कोड अडला आहे, सर उत्तर न सांगता प्रश्न विचारताहेत, असं दिसलं तर विचार करा. मागच्या बॅचची चालू असलेली दोन कामंही मागा, उघडून बघा.

तोवर पुढच्या दहा दिवसांत तिने निदान पाच उत्पादकांच्या नोंदी संगणकावर घ्याव्यात, अगदी साध्या पानावर का होईना. वही बंद करू नका. बिलाच्या रात्री दोन्ही आकडे शेजारी ठेवा, आणि फरक कुठे आला ते मला कळवा.