गोव्यातल्या लोकांना कोणता ऋतू सगळ्यात जास्त आवडतो?

तुम्ही विचारलंय की पर्यटक डिसेंबरात येतात, तर गोव्यातल्या माणसांनाही हिवाळाच आवडतो का. ज्यांचं पोट पर्यटनावर आहे ते हो म्हणतील, आणि त्यात गैर काही नाही. बाकी बहुतेकजण पावसाळा म्हणतील. मी फोंडा तालुक्यातला. माझंही मत पावसालाच, पण जून-जुलैच्या नाही, श्रावणापासून गणेश चतुर्थीपर्यंतच्या.

जूनच्या पावसाचं कौतुक लांबून बरं. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला अर्ध्याहून जास्त या दोनच महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी धरते, वीज गेली की गेली. 24 जूनला सांजाव, म्हणजे सेंट जॉनचा सण, डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. आषाढात माशेल गावचा चिखलकालो, म्हणजे देवळापुढे चिखलात खेळायचा उत्सव. ते दिवस मजेचे, मधले सगळे ओलेगार. उन्हाळ्याला मी मानकुराद आंब्याचे गुण देतो आणि घामाचे कापतो.

श्रावणात पाऊस धडाधड येतो आणि अर्ध्या तासात उघडतो. याच सुमाराला रानात वारुळांवर अळमी, म्हणजे रानटी अळंबी, उगवतात. रस्त्याच्या कडेला बायका पानात बांधून विकायला बसतात. भाव ऐकून माणूस आधी गाडी पुढे काढतो आणि मग रिव्हर्स घेतो. त्यांची शागोती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचं कालवण, झाली की मटणाची आठवण येत नाही. हल्ली मात्र लोक वारूळच खणून काढतात, मग पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार?

मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते, ट्रॉलर समुद्रात जातात, आणि नेमका तेव्हाच आमच्या घरी श्रावण असतो. बाजारात ताजी मासळी आली तरी आम्ही आपले खतखतं, म्हणजे मिसळीच्या भाज्यांचं कालवण, जेवतो. दरवर्षी हाच अन्याय!

आणि मग चतुर्थी. बाहेरच्यांना मूर्ती आणि आरास दिसते, आमचा जीव माटोळीत. गणपतीच्या वर छताला लाकडी चौकट टांगायची आणि रानातली फळं केवणीच्या झाडाच्या सालीच्या दोरांनी तिला बांधायची. नारळांचा घड, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, चिबूड, तोरिंग, आंबाडे, लालभडक कवंडळं. आदल्या दिवशी बाजारात माटोळीच्या सामानापुढे उभं राहायला जागा नसते, पण आमचे काका विकत घेतलेल्या माटोळीला माटोळीच मानत नाहीत. डोंगरावर जाऊन आणलेलं एक तरी फळ हवंच. कुठलं झाड कुठे आहे हे पोरांना कळतं ते याच निमित्ताने. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धाही घेतं. तिथे काहीजण शेकडो प्रकारची फळं-पानं बांधतात. आमच्या घरी तेवढी हौस नाही, चौकट नीट भरली की झालं.

तुम्हाला यायचं असेल तर सप्टेंबरात या, डोंगर हिरवेगार असतात. समुद्रात मात्र उतरू नका, पाण्याला अजून ओढ असते. आणि चतुर्थीचे दिवस टाळा. हॉटेलात वाढणारे सगळे तेव्हा आपापल्या गावी माटोळी बांधत असतात.